बर्फात अडकलेलं जहाज आणि दोन आठवडे आधी उगवलेला सूर्य

प्रश्न असा आहे की चारशे वर्षांपूर्वी लाकडी जहाजं घेऊन माणसं ध्रुवाकडे गेलीच कशाला, पुढे बर्फ आहे हे त्यांना कळत नव्हतं का, आणि अडकल्यावर त्यातली काही जिवंत परत आली ती कशी. सोबत असंही विचारलंय की हा सगळा वेडेपणाच नव्हता का.

मी एकतीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यातले सहा हिवाळे बाल्टिक आणि व्हाइट सीच्या बर्फात गेले, त्यामुळे वेडेपणा हा शब्द मला पटत नाही आणि का पटत नाही ते नीट सांगतो. सगळ्या मोहिमांबद्दल थोडं थोडं लिहिण्यापेक्षा एकच पकडतो, डच दर्यावर्दी विलेम बारेंट्सची १५९६-९७ ची सफर, कारण तिची रोजनिशी शिल्लक आहे आणि ती वाचली की बर्फात काम केलेल्या माणसाला पानापानावर ओळखीच्या गोष्टी भेटतात.

आधी गेले कशाला ते. त्याचं उत्तर आपल्या किनाऱ्यापासून सुरू होतं. आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ, तिथली पडकी डच वखार लहानपणापासून बघतोय, आणि हे डच लोक इतक्या लांब आले कशाला हा प्रश्न मला तेव्हापासूनचा. सोळाव्या शतकात मिरी, दालचिनी, लवंग हा सगळा व्यापार पोर्तुगीजांच्या हातात, त्यांचं मुख्य ठाणं गोवा, आफ्रिकेला वळसा घालून येणारा रस्ता त्यांचा. यान हायखेन व्हान लिन्सखोतेन नावाचा एक डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला, आर्चबिशपचा सचिव म्हणून पाचेक वर्षं राहिला, आणि व्यापाराची, वाऱ्यांची, बंदरांची इत्थंभूत माहिती गोळा करून घेऊन गेला. हाच माणूस पुढे १५९४ आणि १५९५ च्या उत्तरेकडच्या मोहिमांवर होता! म्हणजे गोव्याच्या उन्हातून थेट रशियाच्या उत्तरेच्या बर्फात. डोक्यात हिशोब सरळ होता, दक्षिणेचा रस्ता पोर्तुगीज अडवतात ना, मग उत्तरेकडून रशियाच्या डोक्यावरून चीनला जाऊ, अंतरही कमी पडेल.

आता बर्फाचं. तिथे बर्फ असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, आधीच्या दोन सफरी बर्फामुळेच परतल्या होत्या. पण पेत्रुस प्लांसियुससारखे त्या काळचे मोठे भूगोलतज्ज्ञ म्हणायचे की बर्फ किनाऱ्यालगत असतो, लांब खोल समुद्रात नसतो, आणि उन्हाळ्यात ध्रुवाजवळ चोवीस तास सूर्य असल्यावर तिथे उलट उबदार असणार. खारं पाणी सहजी गोठत नाही, समुद्रातला बर्फ नद्यांमधून येतो, असाही समज होता. शाळेतल्या हुशार मुलाला नुसतं एवढंच सांगून विचार करायला लावलं तर तोही याच निष्कर्षाला येईल. तर्क बरोबर होता, गृहीतक चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे तिथे गेल्याशिवाय कळणार नव्हतं.

मे १५९६ मध्ये दोन जहाजं निघाली. एकावर याकोब व्हान हेम्सकर्क प्रमुख आणि बारेंट्स पायलट, म्हणजे समुद्रात वाट काढणारा, दुसऱ्यावर यान रायप. ५ जूनला पहिला बर्फ दिसला, आणि तो कसा दिसला हे बारेंट्सच्या जहाजावर रोजनिशी लिहिणाऱ्या गेरिट द वीरने लिहून ठेवलंय. पुढच्या डेकवर फिरणारा एक खलाशी अचानक ओरडला, पांढरे हंस, पांढरे हंस! खालची माणसं धावत वर आली आणि बघतात तर बर्फाचे तुकडे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण सुटासुटा बर्फ लांबून खरंच तसाच दिसतो, लाटेवर वरखाली होणारे पांढरे ठिपके, थव्याने बसलेल्या पाखरांसारखे. रडारवर हे छोटे तुकडे आजही नीट येत नाहीत, शेवटी दुर्बिणीने आणि डोळ्यानेच बघावं लागतं.

पुढे त्यांना बेअर आयलंड सापडलं, मग १७ जूनला स्पिट्सबर्गन, टोकदार डोंगर म्हणून त्यांनीच दिलेलं नाव. तिथून पुढे कुठे जायचं यावर रायप आणि बारेंट्सचं पटलं नाही, १ जुलैला दोघं वेगळे झाले. बारेंट्स पूर्वेला गेला, नोवाया झेम्ल्या या लांबलचक द्वीपसमूहाचं उत्तर टोक त्याने ओलांडलं, आणि कारा समुद्राच्या बाजूला उतरताना बर्फाने रस्ता बंद केला. मागे फिरायला गेले तर मागेही बर्फ. २६ ऑगस्टला एका लहान उपसागरात शिरले आणि तिथेच कायमचे अडकले.

इथे थोडा थांबतो, कारण ही जागा समजली तर बाकी सगळं समजेल. वादळात सापडलेला कुठलाही तांडेल काय करतो, जवळची खाडी गाठतो. पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण आहे ती, माझी पण तीच. पण बर्फात हीच शिकवण उलटी पडते. वारा समुद्राकडून असेल तर मैलोन्‌मैलाचा बर्फ तो किनाऱ्यावर आणून रचतो, आणि उपसागरात शिरलेल्या जहाजाला मागे सरकायला जागाच उरत नाही. आपल्याकडे मतलई वारा जमिनीकडून सुटतो ना, तसा वारा तिथे सुटला तर बर्फ बाहेर ढकलला जातो आणि मोकळ्या पाण्याची पट्टी पडते, तेवढ्या वेळात निघालात तर निघालात. बारेंट्सचं जहाज आत असताना वारा फिरला आणि बर्फ आत आला. माझ्या मते चूक एवढीच की ऑगस्टच्या शेवटापर्यंत ते त्या बाजूला थांबले, तिथला उन्हाळा तोवर संपलेला असतो. पण तेही मी आज उपग्रहाची बर्फाची चित्रं हाताशी असताना बोलतोय.

बर्फ जहाज कसं मोडतो याबद्दलही सगळ्यांच्या डोक्यात टायटॅनिक असतं, म्हणजे धडक. धडक हा एक प्रकार झाला. गोठलेल्या समुद्रात जहाज मरतं ते दाबाने. वारा शंभर मैलावर बर्फाला ढकलत असतो आणि तो सगळा जोर पाट्यापाट्यांतून तुमच्या हलपर्यंत, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या कवचापर्यंत येतो, तिथे एकही लाट नसते. मी सेकंड ऑफिसर असताना बोथ्नियाच्या आखातात फेब्रुवारीत आमचं जहाज आइसब्रेकरच्या, म्हणजे बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या मागे थांबलं होतं, बारा ते चारचा वॉच, इंजिन स्लो, आणि दाब वाढायला लागला. आधी बारीक कुरकुर, मग कोणीतरी लोखंडी दार फरपटत नेल्यासारखा आवाज, तोही पायाखालून, मग मधेच एक दणका आणि पूर्ण शांतता, आणि ती शांतता आवाजापेक्षा वाईट. आमचा हल बर्फासाठी जाड केलेल्या पोलादाचा होता आणि आइसब्रेकर अर्ध्या मैलावर होता तरी ब्रिजवर कोणी बोलत नव्हतं. द वीर लिहितो की जहाजाचे असे आवाज येत होते की डोक्यावरचे केस उभे राहिले. बर्फाने त्यांचं जहाज खालून उचललं, तिरकं केलं, सुकाणू मोडून टाकलं. लाकडी जहाज, आणि मदतीला येणारं जवळपास कोणी नाही.

सतरा माणसं होती. सुतार सप्टेंबरातच गेला, म्हणजे घर बांधायची वेळ आली तेव्हा ज्याची सगळ्यात जास्त गरज तोच नाही. बेटावर एकही झाड नाही, पण किनाऱ्यावर वाहून आलेली आख्खी झाडं पडलेली, मुळांसकट. ती सैबेरियाच्या मोठ्या नद्यांमधून समुद्रात आलेली, पण त्यांना तेव्हा काय माहीत, त्यांनी देवाची कृपा म्हटलं आणि बर्फावरून ओढत आणली, वर जहाजाच्या फळ्या ठोकल्या. साधारण आठ मीटर बाय साडेपाच मीटरचं घर, मध्ये चूल, छताला मधोमध धुराडं, आणि दारूच्या मोठ्या पिंपात उभं राहून अंघोळीची सोय, ती वैद्याच्या सांगण्यावरून. सोळा माणसं तिथे हिवाळ्यात राहिली, त्यातला एकजण जानेवारीत गेला.

आता त्या घरातली एक संध्याकाळ, ७ डिसेंबर १५९६. बाहेर वादळ, लाकूड ओलं, आतल्या भिंतीवर दोन बोटं बर्फ. कोणीतरी सुचवलं की जहाजावरचा दगडी कोळसा आणून जाळू. जाळला, झकास ऊब आली, आणि ती ऊब जाऊ नये म्हणून त्यांनी दार पक्कं लावलं आणि धुराडंही बुजवलं. थोड्या वेळाने एकेकाला चक्कर यायला लागली. जो आधीच आजारी होता त्याला सगळ्यात आधी त्रास झाला, आणि तो बोलला म्हणून बाकीच्यांच्या लक्षात आलं. कोणीतरी कसाबसा दारापर्यंत गेला, दार उघडलं आणि तिथेच बर्फात बेशुद्ध पडला. द वीरने त्याच्या तोंडावर व्हिनेगर मारून शुद्धीवर आणलं. जी थंडी आपला शत्रू होती तिनेच वाचवलं, असं तो लिहितो. हा कार्बन मोनॉक्साइड, त्याला रंग नाही वास नाही, आणि आजही जहाजांवर बंद टाकीत किंवा मालाच्या होल्डमध्ये माणसं अशीच जातात. मी माझ्या क्रूला बंद जागेचं ड्रिल घेताना हीच गोष्ट सांगायचो, नियमांचं पुस्तक वाचून दाखवण्यापेक्षा ती जास्त लक्षात राहायची.

थंडी किती, तर घड्याळ गोठून बंद पडलं, जास्तीची वजनं लावली तरी चालेना, मग बारा तासांच्या वाळूच्या घड्याळावर दिवस मोजायचे. बिअर गोठून पिंपं फुटली, आणि द वीरने बघितलं की मधे न गोठलेला जो थोडा द्रव राहिला तो भयंकर कडक आणि गोठलेला भाग नुसता पाण्यासारखा. हे वाक्य सहज लिहिलंय पण समुद्राचा बर्फ अगदी असाच बनतो. समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं, गोठताना मीठ बाहेर टाकतं, आणि बर्फ जुना होत गेला की त्यातलं उरलंसुरलं खारं पाणीही निथळून जातं, इतकं की वर्ष-दोन वर्षांचा बर्फ वितळवून पिता येतो. खारं पाणी गोठत नाही या समजाचं उत्तर त्यांच्या बिअरच्या पिंपात होतं.

खाणं म्हणाल तर त्यांना खरं वाचवलं कोल्ह्यांनी. पांढरे ध्रुवीय कोल्हे सापळ्यात पकडून खायचे, कातड्याच्या टोप्या करायचे. ताज्या मांसात थोडं का होईना क जीवनसत्त्व असतं, त्यामुळे ते न मिळाल्याने होणारी स्कर्व्ही सगळ्यांना एकदम लोळवू शकली नाही. अस्वलाचं मात्र उलट झालं. मे महिन्याच्या शेवटी एका अस्वलाचं काळीज, म्हणजे यकृत, शिजवून खाल्लं, चव छान लागली, आणि सगळे आजारी पडले, तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी निघाली. ध्रुवीय अस्वलाच्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा इतका साठा असतो की ते माणसाला विषच, पण जीवनसत्त्व हा शब्दच यायला अजून तीनशे वर्षं होती. द वीरने कारणाचा अंदाज न बांधता काय खाल्लं, कोणाला काय झालं एवढं लिहून ठेवलं, आणि ते पुरेसं ठरलं.

मला या सफरीतली सगळ्यात मोलाची जी वाटते ती गोष्ट आता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य गेला. ७६ अंश अक्षांशावर तो परत कधी दिसणार हे बारेंट्सला गणिताने माहीत होतं, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. आणि २४ जानेवारी १५९७ ला हेम्सकर्क, द वीर आणि आणखी एकजण किनाऱ्यावर फिरायला गेले असताना द वीरला सूर्याची कड दिसली. धावत घरी येऊन सांगितलं. बारेंट्स म्हणाला शक्यच नाही, अजून दोन आठवडे आहेत. पैजा लागल्या. २५, २६ ला धुकं. २७ ला आकाश उघडलं आणि पूर्ण गोल सूर्य क्षितिजाच्या वर, सगळ्यांनी बघितला.

गणिताने त्या दिवशी सूर्य क्षितिजाच्या जवळपास पाच अंश खाली असायला हवा. आम्ही सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राने, सूर्याची उंची घेतो तेव्हा वातावरणातल्या वक्रीभवनाची दुरुस्ती करतो, ती क्षितिजाजवळ जास्तीत जास्त अर्धा-पाऊण अंश असते. पाच अंश म्हणजे आमच्या कुठल्याच कोष्टकात बसणार नाही. परत आल्यावर विद्वानांनी हेच म्हटलं, की अंधारात तुमचे दिवस मोजायचे चुकले. आणि इथे द वीरने काय केलं होतं बघा. त्यांच्याकडे पंचांगासारखं एक पुस्तक होतं, त्यात दिलं होतं की २४-२५ जानेवारीच्या रात्री चंद्र आणि गुरू यांची युती व्हेनिसमध्ये रात्री एकच्या सुमाराला होईल. त्याने आकाशावर नजर ठेवली, युती त्याच रात्री झाली, फक्त तिथल्या वेळेने पहाटे सहाच्या सुमाराला, आणि तेही त्याने लिहून ठेवलं. म्हणजे तारीख बरोबर होती, याची साक्ष खुद्द आकाशाने दिली! शिवाय पाच तासांचा फरक म्हणजे ७५ रेखांश असा हिशोबही त्याने मांडला. प्रत्यक्षात फरक ५६ अंशांच्या आसपास आहे, पण हलणाऱ्या सोंगट्या जुळवल्यासारखं हे काम नुसत्या डोळ्यांनी, गोठलेल्या बोटांनी केलेलं आहे.

कारण खूप नंतर कळलं. बर्फावरची हवा अतिथंड आणि जड, तिच्यावर उबदार थर, असं झालं की प्रकाशाचा किरण त्या थरांमध्ये अडकून पृथ्वीच्या गोलाईबरोबर वाकत शेकडो किलोमीटर जातो, आणि क्षितिजाखालच्या सूर्याची प्रतिमा वर दिसते. आज त्याला नोवाया झेम्ल्या परिणाम असंच नाव आहे. १९१५ च्या मे महिन्यात शॅकलटनच्या ध्रुवीय मोहिमेतल्या माणसांनीही अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात मावळून गेलेला सूर्य असाच पुन्हा बघितला. लॉगबुकात आपल्याला पटतं ते लिहायचं नसतं, दिसतं ते लिहायचं असतं. कॅडेट असताना हे मला शिकवलं गेलं, पण आपल्याच पायलटचं गणित विरोधात असताना ते लिहायला काय लागतं हे मला द वीरमुळे समजलं.

जूनमध्ये जहाज सुटणार नाही हे स्पष्ट झालं. बारेंट्सने सगळी हकीकत एका चिठ्ठीत लिहून, बंदुकीच्या दारूच्या शिंगात घालून धुराड्यात टांगून ठेवली. पंधरा माणसं दोन उघड्या होड्यांतून निघाली. बारेंट्स चालू शकत नव्हता, त्याला बर्फगाडीवरून होडीपर्यंत आणलं. उत्तर टोकाजवळ आल्यावर त्याने विनंती केली की मला जरा वर उचला, ते टोक एकदा परत बघायचंय. २० जूनला तो द वीरने काढलेला नकाशा बघत होता, प्यायला काहीतरी मागितलं, आणि गेला.

पुढचे अडीच हजारांहून जास्त किलोमीटर वल्ह्यांवर आणि छोट्या शिडांवर. जुलैच्या शेवटी त्यांना रशियन लोक भेटले, आणि त्यातल्या दोघांनी यांना ओळखलं, कारण आधी जहाजावर भेट झाली होती. त्यांनी विचारलं क्राब्ल? म्हणजे जहाज कुठाय. मग खुणांवरून कळल्यावर, क्राब्ल प्रोपाल? द वीरनेही तेच शब्द परत म्हटले, क्राब्ल प्रोपाल, जहाज गेलं. रशियनांनी राईची एक मोठी भाकरी आणि धुरी दिलेली पाखरं दिली. थोड्याच दिवसांत किनाऱ्यावर चमच्याच्या आकाराच्या पानांची एक वनस्पती सापडली, मूठमूठ खाल्ली, आणि ज्यांना वल्हं उचलत नव्हतं ते उभे राहिले. स्कर्व्हीवर ती गुणकारी हे डच खलाशांना ठाऊक होतं.

शोध लावला म्हणताना एक लक्षात ठेवावं, व्हाइट सीच्या काठचे हे रशियन, पोमोर, आधीपासून त्या पाण्यात शिकारीला जात होते. त्यांच्या कोच नावाच्या बोटी पोटाला गोल, बर्फाने दाबलं की वर उचलल्या जाव्यात अशा. हेच तत्त्व जवळपास तीनशे वर्षांनी नॉर्वेचा ध्रुवीय शोधक नान्सेन याच्या फ्राम जहाजात आलं. कॉलिन आर्चरने ते बांधलं, ३९ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद, म्हणजे अगदी बसकं, बाजू गोल, आणि सुकाणू व पंखा दोन्ही वर ओढून घेता येतील असे. बारेंट्सचं सुकाणू बर्फाने मोडलं होतं ते आठवा. सैबेरियाकडची लाकडं आणि जानेट या १८८१ मध्ये चिरडलेल्या जहाजाचं सामान ग्रीनलंडला लागतं, म्हणजे बर्फ वाहतोय, मग मुद्दाम अडकून त्याच्यासोबत वाहत जाऊ, हा नान्सेनचा विचार. सप्टेंबर १८९३ ते ऑगस्ट १८९६ फ्राम बर्फासोबत वाहिलं आणि सुखरूप सुटलं. ज्या लाकडांनी बारेंट्सचं घर बांधलं गेलं त्याच लाकडांनी हा रस्ता दाखवला.

दक्षिणेबद्दल दोन ओळी, कारण तोही प्रश्नात ध्रुव म्हणून येतो. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकने १७ जानेवारी १७७३ ला अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं, हिमनगांचे तुकडे उचलून पिण्याचं पाणी भरलं, तो जमिनीवरून आलेला बर्फ म्हणून गोडच. आपली पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली.

तर बारेंट्सची माणसं. रशियातल्या कोला इथे त्यांना कोण भेटावं, तर वर्षभरापूर्वी भांडून वेगळा झालेला यान रायप. त्याच्याच जहाजातून ते हॉलंडला आले आणि १ नोव्हेंबर १५९७ ला बारा जण अॅमस्टरडॅमला पोहोचले, अंगावर तेच कपडे, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या. त्याच्या तीनेक महिने आधी डचांची पहिली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जावाहून परतली होती, म्हणजे उत्तरेच्या रस्त्याची निकड तोवर संपत आली होती. त्याच दक्षिणेच्या रस्त्याने ते पुढे वेंगुर्ल्याला आले, आमची वखार १६३७ ची.

ते घर १८७१ मध्ये एलिंग कार्लसेन या नॉर्वेच्या कॅप्टनला सापडलं, आत वस्तू तशाच, आणि पाच वर्षांनी ती शिंगातली चिठ्ठीही मिळाली. अॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये त्या ठेवल्यात. आमचं जहाज तिथे लागलं असताना मी एकदा अर्धा दिवस मोकळा काढून गेलो होतो. ते बंद पडलेलं घड्याळ आहे, मेणबत्त्यांच्या बैठकी आहेत, आणि छापील चित्रांचे कागद आहेत, जे पावणेतीनशे वर्षं गोठून एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते आणि नंतर एकेक पान सोडवून वेगळं केलं गेलं. ती चित्रं त्यांनी चीनमध्ये विकायला नेली होती.